आठ वाऱ्यांचा गणवेश

सोमवार, १ सप्टेंबर

मापांच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. या वेळी त्यांवर रोजचं लिहायचं ठरवलंय. दुकानाबाहेरचं काम जन्मात पहिल्यांदा घेतेय. उद्या कुणी म्हणालं, "तुम्ही असं बोलला होतात," तर दाखवायला लेखी काहीतरी असावं.

काम धाकटीनं आणलं. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. नाटकवाल्यांचे चेहरे रंगवते. बावन्न वर्षांची झाली, तरी एका कानात लांब डूल आणि दुसऱ्या कानात बारीकसा खडा घालून हिंडते. का, ते मी विचारत नाही. लहानपणापासून तिला चारचौघींसारखं राहायला नकोच असतं.

"ताई, नाही म्हणायच्या आधी ऐकून घे," म्हणाली.

"तू चहा घे, तोवर ऐकते. मग नाही म्हणते."

तर एक संगीत नाटक आहे. त्यात दिवे लावत फिरणारी एक मुलगी आहे आणि ते विझवायला येणारे आठ वारे आहेत. वाऱ्यांचं काम करणारी पोरं पायांत स्केट्स घालून स्टेजवर सुसाट फिरतात, उतारावरून उड्या मारतात, एकमेकांना झेलतात. त्यांचे कपडे करणारा माणूस अर्ध्यावर सोडून गेला. नाटक तीन ऑक्टोबरला उघडतंय. आणि दिग्दर्शिकाबाईंची एकच अट आहे : आठही वारे एका साच्यातून काढल्यासारखे एकसारखे दिसले पाहिजेत.

इथे माझे कान टवकारले. एकतीस वर्षं मी शाळांचे गणवेश शिवतेय. चारशे मुलं मैदानात उभी करा, कुणाची कॉलर सूतभर वर दिसणार नाही. एकसारखं करणं मला येतं. किंबहुना तेवढंच येतं. शाळा सुरू होऊन गेल्यात, मशीन मोकळीच आहे.

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "वाऱ्याचे कपडे ना? मग कापड कमीच लागेल." यांना कुणी विचारलं होतं?

हो म्हणून टाकलं.

बुधवार, ३ सप्टेंबर

तालीम एका जुन्या गोदामात चालते. वर पत्रे, खिडक्या छताजवळ, आणि खाली लाकडी फळ्या इतक्या गुळगुळीत की मी भिंत धरधरूनच आत गेले. एका बाजूला लाकडाचा मोठा उतार, माणसाच्या दुप्पट उंच. समोरच्या बाजूला छोटा चढ.

पोरं सगळी विशीतली. कपडे बघून मात्र डोक्याला हात लावला. एक ताडमाड मुलगा आहे, त्याला सगळे खांब म्हणतात. त्याच्या अंगात पिवळाधमक टी-शर्ट, त्याला सात भोकं. मी मोजली. दुसऱ्याची जांभळी चड्डी. एकीनं आजोबांचं चौकड्याचं जाकीट घातलेलं. सगळ्यांत लहानखुरी ती टिचकी, तिच्या एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात हिरवा. घरात आरसा नाही का, हे माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात धाकटीनं चिमटा काढला.

मग त्यांनी उडी दाखवली. टिचकी मोठ्या उतारावरून वेगानं खाली येते, समोरच्या चढावरून हवेत जाते आणि हवेतच पूर्ण गिरकी घेते. बाकीचे सात जण हात वर करून खाली गोल गोल फिरत असतात, वारेच ते. त्यांतला खांब तिचं मनगट अधांतरीच पकडतो, तिला स्वतःभोवती फिरवतो आणि अलगद जमिनीवर सोडतो. मी किंचाळले. सगळे हसले. खरं सांगायचं तर इतकं सुंदर काही मी किती तरी वर्षांत बघितलेलं नाही.

"दोन वर्षं लागली काकू हे बसवायला," टिचकी धापा टाकत म्हणाली. "आधीच्या नाटकात मी मागच्या रांगेत खोटी झाडं ढकलायचे. या उडीमुळे मला पुढे घेतलंय."

"हवेत फिरताना खालचं काही दिसतं तरी का गं?"

"दीड सेकंद दिसतं. तेवढं पुरतं."

आठही जणांची मापं घेतली. बूट काढून, ताठ उभं करून, हात सरळ. माझी पद्धत म्हणजे पद्धत.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज फजिती झाली. लपवून काय करू, वहीच माझी आहे.

पहिल्या तीन विजारी नेल्या होत्या. राखाडी, अंगाबरोबर, इस्त्रीची घडी सुरीसारखी. पोरांनी घातल्या, उभी राहिली, मी खूश. मग खांब म्हणाला, "काकू, जरा बसून बघतो," आणि स्केट्सवर गुडघे वाकवून खाली गेला. फर्रर्र. दुसरा गेला. फर्रर्र. जांभळ्या चड्डीवाल्यानं तर हात जोडले, म्हणाला, "मी नाही बसत, मला घरी जायचंय."

ही पोरं ताठ उभी राहतच नाहीत. पूर्ण वेळ गुडघ्यांत वाकलेली, कंबर मागे, खांदे पुढे. आणि पायात चाकं चढली की चार बोटं उंच होतात ती वेगळीच. मी मापं घेतली ती दुसऱ्याच कुणाची तरी होती.

गोदामात इतकं हसणं झालं की दिग्दर्शिकाबाईंना तालीम थांबवावी लागली. मीही हसले शेवटी. न हसून सांगते कुणाला?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

नव्यानं मापं घेतली. स्केट्स घालून, गुडघे वाकवून, गुडघ्या-कोपरांची पॅडं चढवून. जमिनीवर बसून टेप धरताना माझेच गुडघे बोलायला लागले. आसनात, म्हणजे दोन पायांमधल्या जोडावर, ताणणाऱ्या कापडाची मोठी कळी घातली. पायाची मोहरी तंग, म्हणजे चाकात अडकायला नको. पाठीवर चेन नाही. पडलं तर तीच पाठीत घुसेल. चेन बगलेत. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, पडणाऱ्यांना विचारत गेले.

आता चेहरे. धाकटी आज प्रत्येकाच्या तोंडाला चंदेरी रंग लावून त्यांना वीस फेऱ्या मारायला लावत होती. घामानं रंग डोळ्यांत उतरतो की नाही ते बघायला. पहिल्यांदा उतरला, मग तिनं भुवयांच्या वर मेणाची बारीक पट्टी ओढली, तिथून घाम कानाकडे वळतो. हुशार आहे, नाही असं नाही.

पण मग म्हणाली, "ताई, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेक वेगळी रेघ देऊ या. त्यांना एकमेकांना ओळखावं लागतं."

"रोज दहा तास एकत्र असतात. त्यांची ओळख आता आपण करून द्यायची?"

"तसं नाही गं."

"एकसारखे म्हणजे एकसारखे. एक रेघ जरी वेगळी दिसली तरी माझं निम्मं काम फुकट जातं."

रंगाची वाटी धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आठही पोशाख तयार. राखाडी विजार, राखाडी अंगरखा, खाली फाकणारी लांब बाही, केस झाकणारी टोपी, वर चंदेरी चेहरे. ओळीत उभे केले आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एका हातानं आठ वेळा काढलेलं एकच चित्र. मी डावीकडून मोजत गेले आणि मधेच विसरले की कुणापासून सुरुवात केली होती. दिग्दर्शिकाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "हेच! एकच वादळ आठ तुकड्यांत!"

पोरंही खूप कौतुक करत होती. फक्त जाता जाता खांब जवळ येऊन म्हणाला, "काकू, आत माझा पिवळा टी-शर्ट घातला तर? गळ्याशी जरा दिसला तरी चालेल."

"त्या भोकांना आता निरोप द्या," मी म्हटलं.

मग टिचकीनं विचारलं, निदान मोज्यांचं काही करता येईल का, खांबच्या पायात कसले तरी वेगळे. मला हसूच आलं. या वयात काय काय सुचतं! बरं, प्रेमात असतील तर असोत, नाटकाबाहेर घाला म्हणावं हवे ते मोजे.

शनिवार, २० सप्टेंबर

पोशाखात पहिली पूर्ण तालीम. टिचकीनं उडी घेतलीच नाही. उतारावरून आली, चढावर गेली आणि शेवटच्या क्षणी बाजूला वळली. एकदा नाही, तीनदा.

मी चाकं तपासायला लावली. फळ्यांना मेण जास्त झालंय का विचारलं. दिवे डोळ्यांवर येतात का विचारलं. खांब म्हणाला, "चाकं ठीक आहेत काकू," आणि पुढे काहीतरी बोलणार होता, पण माझ्याकडे बघून गप्प बसला. दोन दिवसांपूर्वी मला रडताना सगळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे बिचारी जपून बोलतात.

टिचकीला म्हटलं, घाबरलीस का गं? तर म्हणाली, "माहीत नाही काकू. आधी कधी घाबरले नव्हते. माझंच काहीतरी बिघडलंय."

पोटभर जेवत नसणार. सकाळी नुसता चहा पिऊन येतात ही पोरं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाहीये.

तालमीआधी कपडे सारखे करत होते, तर खांबच्या मानेवर, टोपीच्या खाली, अंगठ्याएवढा पिवळा ठिपका. दुसऱ्याच्या मानेवर जांभळा. प्रत्येकाच्या मानेवर काही ना काही. धाकटीचंच काम. मला न विचारता! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओला फडका घेतला आणि एकेकाची मान पुसत गेले.

टिचकी म्हणाली, "काकू, खांबचा तरी राहू द्या ना."

"खांबाला कशाला हवा ठिपका?" म्हटलं आणि तोही पुसला.

मग तालीम. या वेळी टिचकी वळली नाही. सरळ आली, हवेत गेली, फिरली, आणि भलत्याच हाताकडे झेपावली. जांभळ्या चड्डीवाल्याच्या. त्याला काय कल्पना! त्यानं हात ओढून घेतला नाही हेच नशीब. दोघं एकमेकांत अडकून फळ्यांवर घसरत भिंतीपर्यंत गेले. पॅडांनी गुडघे वाचवले. पण तिच्या कोपरावरचं पॅड सरकून कोपर सोललं आणि त्याचा ओठ फुटला.

दिग्दर्शिकाबाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट वाटलं. शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी बघते. तीन वेळा सलग नीट झाली तर उडी नाटकात राहील. नाही झाली तर काढून टाकू. तू मागच्या रांगेत इतरांबरोबर फिर."

टिचकीनं नुसती मान हलवली. मग कोपऱ्यात जाऊन बुटांची नाडी सोडायला बसली. ती नाडी सोडवायला तिला पंधरा मिनिटं लागली, मी बघत होते.

बुधवार, २४ सप्टेंबर

सकाळी धाकटीच्या घरी गेले, भांडायलाच. माझ्या पाठीमागे ठिपके का काढलेस, सरळ विचारलं.

"पुढून काढू दिले नाहीस म्हणून," म्हणाली.

मग तिनं विचारलं, "ताई, तुला माझं ते शाळेच्या कार्यक्रमाचं आठवतं?"

आठवतं म्हणजे? आमच्या घरातला तो ठरलेला विनोद आहे. मी दहा वर्षांची, ती सहा. तिच्या वर्गाचं समूहगीत होतं. तीस मुली पांढऱ्या फ्रॉकात, पांढऱ्या रिबिनीत. आईनं सांगितलं, बहिणीला घेऊन ये. मी घोळक्यातून एकीचा हात धरला आणि गप्पा मारत निम्म्या रस्त्यापर्यंत आले, तर ती पोरगी म्हणते, "तू कोण?" अजूनही पाहुण्यांना सांगते मी हे, आणि सगळे पोट धरून हसतात.

"मी तिथंच होते," धाकटी म्हणाली. "तुझ्यासमोर. तू माझ्याकडे बघितलंस आणि पलीकडचीचा हात धरलास. मी हाकसुद्धा मारली नाही. मला वाटलं, ताई करते म्हणजे बरोबरच असेल."

हे ती हसतच सांगत होती, फक्त कानातला लांब डूल बोटानं सारखा फिरवत होती. एवढ्या वर्षांत तिच्या बाजूनं ही गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती. विचारलीच नव्हती.

"माझी चूक होती का गं?" मी म्हटलं.

"तुझी कशाला? फ्रॉकांची," म्हणाली. "टिचकीचीही चूक नाही. हवेतून खाली बघते तर सात राखाडी हात. पूर्वी तिला पिवळं दिसायचं. पिवळ्याकडे जायचं, एवढंच तिला दोन वर्षांत पाठ झालंय."

पिवळं. सात भोकांचं. मी निरोप दिलेलं. आणि मानेवरचा ठिपका मी माझ्या हातानं पुसला, आणि पुसून झाल्यावर फडका पिळून वाळतही घातला. मला इतकी लाज वाटली की मी धाकटीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. पोरीचं कोपर सोललं ते माझ्यामुळे, आणि ती मलाच सांगत होती की तिचं काहीतरी बिघडलंय.

धाकटीनं पाणी दिलं. मग म्हणाली, "पुरे. रडून शिवण होत नाही. शुक्रवारला दोन दिवस आहेत."

गुरुवार, २५ सप्टेंबर

काल दुपारी आम्ही दोघी गोदामात गेलो. मी सगळ्यांसमोर टिचकीची माफी मागितली. ती इतकी लाजली की तिनं माझ्याच खांद्यात तोंड लपवलं. जांभळ्या चड्डीवाला सुजल्या ओठानं म्हणाला, "माझीही मागा ना काकू." त्याचीही मागितली.

आता अडचण अशी. दिग्दर्शिकाबाई म्हणतात, प्रेक्षकांना आठ वारे एकसारखेच दिसले पाहिजेत, वादळाची सगळी जादू त्यात आहे. ते मलाही पटतं, गणवेशवालीच मी. पण टिचकीला खांब दिसायला हवा. मानेवरचा ठिपका मागून फिरणाऱ्यांना उपयोगाचा, हवेतून येणारीला नाही. धाकटी म्हणाली, तळहात रंगवू. खांब दचकलाच. "मावशी, तळहाताला काही नको. घामात रंग घसरला तर तीही घसरेल. मनगटाच्या वर काय हवं ते करा."

मनगटाच्या वर. सगळ्या वाटेभर तेच डोक्यात.

आज सकाळी आमच्या यांना खांबचा अंगरखा घातला. यांच्या अंगात तो गाऊनसारखा लोंबतो, पण बाही तर बाही. खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हटलं, वारा व्हा.

"कुठल्या दिशेचा?" हे म्हणाले.

"हात वर करा आणि गप्प बसा."

मी स्टुलावर चढले. यांनी माझ्याकडे हात केला, आणि मला बाहीच्या आत दिसलं. पार कोपरापर्यंत. खाली फाकणारी बाही आहे ना, हात ज्याच्याकडे केला त्याला ती नरसाळ्यासारखी आतून दिसते. आतलं अस्तर राखाडीच होतं. धाकटी दारात उभी होती. तिला विचारलं, "तुला आतलं दिसतं?"

"मला नुसती बाही दिसते. बाहेरून."

"आणि मला सगळं आतलं दिसतंय!" मी स्टुलावरच उडी मारणार होते, यांनी धरलं. छप्पन्न वर्षांच्या बाईला एवढा आनंद अस्तराचा व्हावा, हे यांना काही कळलं नाही.

खांबचा टी-शर्ट मागवून घेतला. नवीन पिवळं कापड आणता आलं असतं, पण टिचकीचे डोळे ज्या पिवळ्याला सरावलेत तेच हवं. भोकं टाळून टाळून कापला, दोन बाह्यांचं अस्तर जेमतेम निघालं. बाही मनगटापासून चार बोटं मागे घेतली, म्हणजे पकड उघडी राहील. मग बाकीच्यांनीही आपापली चिंध्यांची इस्टेट आणून दिली. जांभळी चड्डी, आजोबांचं जाकीट. जाकीटवाली म्हणाली, आजोबांना सांगितलंय, ते खूश आहेत. दिवसभर मशीन चालली, धाकटी हातटीपा घालायला बसली. तिची टीप अजूनही वाकडी येते. आतून आहे, येऊ दे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

बाई दहा वाजता आल्या. मी आधीच सांगितलं की बाह्यांच्या आत रंग घातलेत.

"रंग नको म्हटलं होतं ना?"

"तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा. जिथे रंग दिसेल तिथे मला थांबवा. जागच्या जागी उसवते." कात्री हातातच होती.

पहिली उडी. टिचकी उतारावरून आली. चढावर गेली, वळली नाही, वर गेली, फिरली, आणि फाट्कन खांबच्या हातात. तो आवाज ऐकायला हवा! मी कात्री टाकून टाळ्या वाजवायला लागले, तर बाईंनी "अजून दोन" असं बोटांनी दाखवलं.

दुसरी. बरोब्बर.

तिसऱ्या वेळी टिचकी उतारावर चढून उभी राहिली आणि निघेचना. मग वरूनच ओरडली, "खांब, आज आंघोळ केलीस ना? हात धरायचाय!" सगळे फुटले. त्या हशातच ती सुटली, आणि मी आजवर बघितलेल्या उड्यांतली ती सगळ्यांत उंच होती.

बाई खुर्चीतून उठून माझ्याजवळ आल्या. मग मला म्हणाल्या, "रंग कुठे आहेत ते दाखवा तरी."

मी खांबला बोलावलं आणि त्यांच्याकडे हात करायला सांगितला. त्यांनी बाहीच्या आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "अरेच्चा." उडी राहिली.

धाकटी आणि मी घरी चालतच गेलो. चौकात गर्दी होती, तिनं माझा हात धरला. रस्ता ओलांडून झाल्यावरही सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही, हात कशाला हलवा उगीच.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

उघडलं! नाटक उघडलं!

दुपारपासून धाकटी चेहरे रंगवत होती आणि मी बगलेच्या चेनी तपासत होते. मानेवरचे ठिपकेही परत आले, मीच तिला वाट्या धरून दिल्या. जाकीटवालीच्या मानेवर चौकडे काढायला सांगितले, तर म्हणते, "ताई, अंगठ्याएवढ्या जागेत?" काढले मात्र.

आम्ही दोघी पडद्याच्या बाजूला अंधारात उभ्या होतो. गाणं वाढत गेलं, दिवे विझत गेले, वारे फिरायला लागले. टिचकी उतारावर दिसली आणि माझे डोळे आपोआप मिटले. चाकांचा आवाज ऐकू आला. मग आवाज थांबला. ती हवेत असणार. मग फाट्कन. मग चाकं परत फळ्यांवर, आणि मग माणसं अशी ओरडली की मला वाटलं छप्पर गेलं.

धाकटीला विचारलं, "कशी झाली?"

"मी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "तू सांग."

टिचकी धावत, म्हणजे घसरत आली. चंदेरी चेहरा घामानं चकाकत होता पण डोळ्यांत रंगाचा थेंब नव्हता. "बघितलंत ना? दोघींनी बघितलंत ना?"

"बघितलं तर!" आम्ही एका सुरात म्हणालो. इतकं एकसारखं खोटं आम्ही दोघी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो असू.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज तिकिटाच्या खुर्चीत बसून नाटक बघितलं. हे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई, हातात दुर्बीण. धाकटी आत होती, तिच्याकडून डोळे उघडे ठेवायचं वचन घेतलं होतं, मीही दिलं होतं.

वारे आले. शेजारच्या बाई माझ्याकडे झुकून कुजबुजल्या, "किती एकसारखे आहेत नाही? कोण कुठला, काही म्हणजे काही कळत नाही."

महिन्यापूर्वी कुणी असं म्हणालं असतं तर मी रात्रभर झोपले नसते आनंदानं. आज मात्र माझं बोट आपोआप वर गेलं. "तो बघा, डावा खांदा पाडून वळतो तो. तो खांब. त्याच्या मागे मान वाकडी करून जाते, ती आजोबांची लाडकी. तो मधेच हसतो ना, त्याचा ओठ फुटला होता, आता बराय. आणि ती उतारावर उभी आहे, ती टिचकी."

"तुम्हाला कसं कळतं?"

"कपडे मी शिवलेत."

"अहो, पण कपडे तर सगळ्यांचे सारखेच आहेत!"

"आहेतच मुळी," म्हटलं. "आता बोलू नका, ती निघाली."

डोळे उघडे ठेवले. आमच्या जागेवरून पिवळं काही दिसलं नाही, खाली सात राखाडी हात तेवढे दिसत होते. टिचकी वर गेली, फिरली, आणि त्या सातांतल्या एकाच हाताकडे अशी आली की जणू तिथे दुसरा हातच नव्हता. शेजारच्या बाईंनी माझा दंड गच्च धरला. घरी येऊन बघितलं तर चार बोटं उमटली आहेत. यांना दाखवली.